रस्त्यात नाही, फुटपाथवर बसली होती

आज संध्याकाळी मी एका माणसाला सॉरी म्हणालो. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी अंगठा दाबून पुढे सरका.

नाशिकच्या गंगापूर रोडला लागून आमची गल्ली. फाटकापासून दूध डेअरी माझी दीडशे पावलं. ठकीला घेऊन निघालो. सव्वादोन वर्षांच्या झाल्यात बाईसाहेब. कडेवर बसायचं नाही, बोट धरायचं नाही. "मी मी. मी चालीन." चपला उलट्या पायांत. सुलट करून दिल्या तर काढून पुन्हा उलट घालते, म्हणून मी तो नाद सोडलाय.

पहिला मुक्काम गटाराचं झाकण. त्याला एक भोक आहे, त्यातून खडा टाकला की आत 'डुबुक' वाजतं. सहा वर्षं मी त्या झाकणावरून जातोय, मला पत्ता नव्हता. सात खडे टाकून झाले. आठवा मोठा होता, जाईना, तो माझ्या खिशात ठेवायला दिला. मग इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलाखालच्या भूभूला "जेवला?" विचारलं. आणि मग फुटपाथवर मुंग्यांची रांग. त्यातली एक शेवेचा तुकडा ओढत होती, स्वतःच्या चौपट. ठकीने तिथेच फतकल मारली.

मागून हॉर्न. फुटपाथवर! पुढे सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता खोदलाय, गाड्या तुंबलेल्या, म्हणून साहेबांनी स्कूटर वर चढवली. पीं पीं पीं, तीनदा. वर मलाच, "अहो, उचला ना तिला, रस्त्यात काय बसवता!"

आणि मी, घरात बसून फेसबुकवर वाघ होणारा माणूस, "सॉरी सॉरी" म्हणत तिला उचलून बाजूला झालो.

रस्त्यात? अरे बाबा, फुटपाथ आहे तो! सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय की फुटपाथवरून चालता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कलम २१. हे सगळं मला घरी आल्यावर आठवलं, अर्थातच.

तिला उचललं आणि ती कमान झाली. ज्यांच्या घरात या वयाचं पोर आहे त्यांना कळेल. पाठ मागे, मान मागे, पाय माझ्या पोटावर. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पुराचं माप घेतात, आमच्या घरात याचंही तसंच. घोट्यापर्यंत म्हणजे कुरकुर, कमरेपर्यंत म्हणजे बिस्किट लागणार. आज दुतोंड्या आख्खा पाण्याखाली. आणि चूक तिची नव्हती हो. ती काही मागत नव्हती, कुणाला मारत नव्हती. मुंगी बघत होती.

सगळ्यांकडे एकच उपाय, उचला. लिफ्टचं दार तिला स्वतः ढकलायचंय, उचला. लग्नात जिन्याची प्रत्येक पायरी दोन पाय ठेवून चढायचीय, मागे रांग लागली, उचला. पार्सल आहे का ती? वर 'फारच हट्टी आहे हं' असं सर्टिफिकेट. तुम्हाला घाई आहे आणि तिला नाही, यात हट्टी कोण?

"गोल्फ क्लबच्या मैदानावर ने की," असं आमच्या ताईचं म्हणणं. नेतो ना! पण तिथे चालायला न्यायचं तर आधी गाडीवर बसवायचं. चार वर्षांखालच्या पोराला दुचाकीवर हेल्मेट हवं, पट्टा हवा, वेग ताशी ४० च्या आत हवा. २०२३ पासून तसा नियम आहे. हेल्मेट आणलंय, ठकी त्यात बटाटे ठेवते. पट्टा अजून आणलेला नाही, तेव्हा त्यावर मी गप्प बसतो.

लहानपणी आम्ही तिवंध्याजवळच्या वाड्यात राहायचो. ओट्यावरून उतरलं की गल्ली, आणि गल्लीत कुणाचं पोर कुणाच्या ताटात जेवलं याचा हिशेब नसायचा. मध्येच फतकल मारून बसलं तर सायकलवाला पाय टेकून थांबायचा, नाहीतर वळसा घालून जायचा. (त्याच वाड्याच्या जिन्यावरून पडून माझ्या हनुवटीला तीन टाके पडलेत, हे आई कमेंटमध्ये लिहिणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

त्या माणसालाही घाई असेल. असू शकते. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून एकदा मीसुद्धा चढवलीय फुटपाथवर. पण हॉर्न नव्हता वाजवला.

बायकोला हे सगळं तावातावाने सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मी रोज नेते तिला. रोज कुणीतरी हॉर्न वाजवतं. तू एक दिवस गेलास आणि पोस्ट लिहिणार आहेस ना आता?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. लिहितोय.

खरं तर मी विसरलोही असतो. पण जेवणं झाल्यावर ठकीने बाहुलीला हॉलच्या मध्यभागी बसवलं. तिच्यापुढे पोळीचा एक तुकडा ठेवला. मग लांब गेली आणि तोंडाने "पीं पीं" करत आली. बाहुलीला घाईघाईने उचलून छातीशी धरलं आणि समोरच्या रिकाम्या सोफ्याला मान लववून म्हणाली, "शॉली. शॉली."

दोनदा. मी म्हणालो होतो तस्संच, माझ्याच सुरात.

मी म्हटलं, "अगं, बाळाला शॉली नाही म्हणायचं. बाळ बरोबर होतं." ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मुंगी?"

"मुंगी घरी गेली."

"शेव?"

"शेव पण घेऊन गेली."

समाधान झालं असावं. बाहुलीला पुन्हा खाली बसवलं. तिच्या पायांतले बूट काढून उलटे घातले.

उद्या पुन्हा तिथूनच जाणार आहे. त्याच वेळेला. मुंग्या असतील तर बसणार आहे, मीसुद्धा, फुटपाथवर मांडी घालून. इस्त्रीवाले काका हसतील, हसू देत. स्कूटरवाले साहेब, तुम्ही हे वाचत असलात तर पुढच्या चौकातून उजवीकडे जा. तिकडचा रस्ता अजून खोदलेला नाही.

ता. क. बायकोने आत्ता वरून खालपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "आणि दूध?"

दूध राहिलंच. डेअरी नऊलाच बंद झाली. खिशात आठवा खडा आहे फक्त.