‘ऐपत असूनही सरकारी शाळा?’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की पालकांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : खासगी प्राथमिक शाळांतील मुले चाचण्यांमध्ये सरकारी शाळांतील मुलांच्या पुढे असतात आणि हा तिथल्या शिकवण्याचा परिणाम आहे, तिथे वर्ग लहान असतात, फी घेणारी शाळा पालकांना उत्तरदायी असते, संगत चांगली मिळते, आणि सुरुवातीच्या इयत्तांत पाया कच्चा राहिला तर तो पुढे भरून निघत नाही, म्हणून जो पालक ऐपत असूनही सरकारी शाळा निवडतो, तो मुलाच्या भवितव्यात काटकसर करतो. शेवटचा आरोप पालकांच्या वर्मी लागतो, म्हणूनच हा मजकूर इतका पुढे पाठवला जात असावा. तो ज्या विधानांवर उभा आहे, ती मात्र तपासून घ्यायला हवीत.

गुणांतील फरकापासून सुरुवात करू, कारण बाकी सारा डोलारा त्यावरच आहे. हा फरक अनेक देशांत दिसतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कशामुळे पडतो, हा. फी भरू शकणाऱ्या घरांत उत्पन्न आणि पालकांचे शिक्षण सरासरीने अधिक असते, घरात पुस्तके असतात, अडले तर समजावून सांगणारे कोणीतरी असते. त्यात अनेक खासगी शाळा प्रवेशाच्या वेळी मुले निवडून घेतात. अशा वेळी दोन्हीकडचे गुण नुसते शेजारी ठेवणे म्हणजे शाळेच्या नावावर घराचे श्रेय जमा करणे होय. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात चौथीच्या मुलांच्या २००३ मधील राष्ट्रीय चाचणीचे गुण याच दृष्टीने तपासले होते. कच्च्या गुणांत खासगी शाळा पुढे होत्या. मुलांची पार्श्वभूमी हिशेबात घेतल्यावर वाचनातील फरक जवळजवळ नाहीसा झाला आणि गणितात सरकारी शाळा सुमारे ४.५ गुणांनी पुढे गेल्या.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पालकांची तळमळ कोणत्याही रकान्यात मावत नाही, त्यामुळे असे आकडेशास्त्रीय समायोजन कधीच पूर्ण नसते. म्हणूनच सोडतीवर आधारलेले अभ्यास अधिक मोलाचे ठरतात, कारण तिथे कोणाला खासगी शाळा मिळणार हे चिठ्ठी ठरवते. आंध्र प्रदेशातील गावांमध्ये २००८ पासून चार वर्षे असा मोठा प्रयोग झाला. सोडतीत नंबर लागून खासगी शाळेचे शुल्क मिळालेली मुले आणि नंबर न लागलेली मुले यांच्यात तेलुगू व गणितात फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेची संधी मिळालेली मुले सरस ठरली. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. धोरण ठरवणाऱ्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे. पण ‘तिथे मूल गणितात पुढे जाईल’ हे विधान तिच्यातून निघत नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात तर सोडतीने खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी लक्षणीय घसरले. त्या योजनेत उतरलेल्या बऱ्याच खासगी शाळांचा पट आधीपासूनच घटत होता, म्हणजे त्या सर्व खासगी शाळांच्या प्रतिनिधी नव्हत्या. नेमकी हीच गोष्ट फिरणारा मजकूर विसरतो : ‘खासगी’ या एका पाटीखाली उत्तम शाळाही येतात आणि रिकामी बाके भरू पाहणाऱ्या शाळाही.

लहान वर्गाचा लाभ खरा आहे. टेनेसी राज्यात १९८५ पासून चाललेल्या प्रयोगात एकाच शाळेतील मुले सोडतीने १३ ते १७ आणि २२ ते २५ मुलांच्या वर्गांत विभागली गेली, आणि लहान वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे राहिली. परंतु हा प्रयोग सरकारी शाळांमध्येच झाला होता. लाभ वर्ग लहान असण्याचा आहे, शाळा कोणाच्या मालकीची आहे याचा नव्हे. पालकाने विचारायची गोष्ट म्हणजे आपले मूल ज्या तुकडीत बसणार तिचा पट. माहितीपत्रकातील ‘शिक्षक-विद्यार्थी प्रमाण’ काढताना चित्रकला, संगीत, खेळ यांचे शिक्षकही मोजले गेले, तर ते प्रमाण आकर्षक दिसते आणि गणिताच्या तासाला वर्ग मात्र गच्च भरलेला असतो.

फी घेणारी शाळा उत्तरदायी असते, हे म्हणणे अर्धे खरे आहे. शाळा पालकांना जे दिसते त्याबाबत उत्तरदायी राहते, आणि शिकणे सहजासहजी दिसत नाही. दुसरीतील दोन वह्या कल्पून पाहा. एकीत सुवाच्य अक्षरात फळ्यावरून उतरवलेली उत्तरे आहेत, एकही चूक नाही, प्रत्येक पानावर ‘छान’ असा शेरा आहे. दुसरीत ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिलेले आहे, कारण मुलाने एककाच्या घरात सातातून दोन वजा केले. बाईंनी ते नुसते खोडलेले नाही, शेजारी दहाचे गठ्ठे काढून एक गठ्ठा सोडून दाखवला आहे आणि खाली त्याच जातीची तीन उदाहरणे घातली आहेत. पालकसभेत पहिल्या वहीचे कौतुक होते आणि दुसऱ्या वहीवर तक्रार येते. पालकांना खूश ठेवणे ज्या शाळेला भाग आहे, ती कोणत्या वहीकडे झुकेल, हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूही मान्य केली पाहिजे : सरकारी शाळेत शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी राहिली, तर पालकाच्या हाती अर्जविनंतीपलीकडे फारसे काही नसते. अशा ठिकाणी खासगी शाळा निवडणाऱ्याला मी दोष देणार नाही.

संगतीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. तिथे ‘चांगली’ याचा अर्थ बहुधा ‘आपल्याइतक्याच उत्पन्नाची’ एवढाच असतो, आणि शिवीगाळ वा दांडगाई उत्पन्न पाहून येत नाही.

उरतो पायाचा मुद्दा आणि त्यावर रचलेला काटकसरीचा आरोप. सुरुवातीच्या इयत्तांत वाचन पक्के झाले नाही तर पुढचे सर्व विषय जड जातात, हे खरेच आहे. पण ते दोन्ही प्रकारच्या शाळांना सारखेच लागू पडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १,०९७ मुलांचा जन्मापासून १५ वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतलेला होता. खासगी शाळेत शिकलेल्या मुलांची नववीतील आघाडी कुटुंबाचे उत्पन्न लक्षात घेताच उरली नाही. मग फी वाचवणारा पालक नेमके काय गमावतो, हे मजकूर पसरवणाऱ्यांनी सांगायला हवे. फी एका वर्षापुरती नसते. ती इयत्तेगणिक वाढते, दुसऱ्या मुलाच्या वेळी दुप्पट होते, आणि ती भागवण्यासाठी आई किंवा वडील संध्याकाळी उशिरापर्यंत कामात अडकले, तर मुलाला शेजारी बसवून वाचून घेण्याची वेळच हातची जाते. लांबच्या शाळेसाठी सहा वर्षांचे मूल रोज तासभर गाडीत बसत असेल, तर तो तासही याच हिशेबात धरावा लागतो.