पाव इंचाचा पाणउतारा

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या त्याच दुकानात आठवड्यात दुसऱ्यांदा उभा होतो. हातात राउटर. वायफायचा नव्हे, लाकडात खाचा पाडायचा. तो विनोद घरच्यांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचा करून झालाय. ड्रॉवरला डव्हटेल, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे दात, पाडायचे म्हणून घेतलेलं मशीन. बिट, म्हणजे कापणारं पातं, ज्यात बसतं ते त्याचं कॉलेट ६ मिमीचं. आणि दुकानदाराने सोबत गळ्यात मारलेला बिटांचा सेट पाव इंची. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. बिट आत शिरेचना.

“पाव इंच मतलब छे एमएम इच है, साब. थोडा पॉलिश पेपर मारो, घुस जाएगा.”

मिनिटाला ३०,००० फेरे घेणाऱ्या बिटाचा दांडा मी पॉलिश पेपरने घासायचा! सुटून समोरच्यांच्या बाल्कनीत गेलं तर सोसायटीची मीटिंग कोण सांभाळणार?

बरं, मी आंधळेपणाने गेलो नव्हतो. तीन आठवडे व्हिडिओ पाहिले होते. लाकडात चौकोनी भोक घ्यायचं तर प्लंज राउटर हवा, कारण बिट वरून खाली उतरवावं लागतं. डव्हटेलला ती गरज नाही. तिथे पूर्ण खोली एकाच फेरीत कापायची, मध्येच बिट वर उचललं की खाचेची वाट. म्हणजे मला ट्रिमर म्हणतात तो छोटा राउटर पुरेसा. पण यातलं काही विचारेल तर शपथ! “कितना वॅट?” एवढंच. आंबेवालासुद्धा विचारतो, रस काढायचा की कापून खायचा.

“काय बनवताय?”

अखेर कोणीतरी विचारलं! कोपऱ्यात स्टुलावर बसून एक आजोबा परातीतले स्क्रू निवडत होते. एकेक उचलायचा, उजेडात धरायचा, आटे नखाने चाचपायचे, नापास करायचा.

“ड्रॉवर,” मी हरखून म्हणालो.

“किती?”

“एक.”

“म्हणजे कोपरे चार.” स्क्रू खाली ठेवला. “हात बघू.”

मी मुकाट्याने पुढे केला. त्यांनी तळवा उलटासुलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं. भविष्य सांगतात की काय!

“बँकेत?”

“विमा कंपनीत.”

“तरीच.” मग दुकानभर ऐकू जाईल असं, “शेठ, चार कोपऱ्यांसाठी मशीन घेतलंय यांनी!”

चहाचा पोऱ्या हसला. डव्हटेल म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

“पटाशी आहे घरी?”

“आहे.”

“धार?”

मी दुकानाच्या पंख्याकडे पाहिलं.

“लाकूड आणून द्या. परवा चारी कोपरे करून देतो. सातशे.”

बिटांचा सेटच बाराशेचा होता. मी “बघतो” म्हणालो. अजूनही रात्री आठवतं ते.

शेठने पैसे परत दिले नाहीत, चिठ्ठी दिली. ६ मिमीच्या दांड्यात डव्हटेलचं बिट आलं की फोन करणार आहे म्हणे. मी चिठ्ठी घडी करत असताना आजोबा उठले. निवडलेल्या आठ स्क्रूंपैकी दोन पुन्हा परातीत टाकले.

“हे नकोत.”

“ठीक है चाचा,” म्हणत शेठने हसत त्या दोन स्क्रूंचे पैसे परत दिले. रोख.