भारताचे ‘77’: साहेबाला घाबरण्याचं प्रमाणपत्र नव्हे

कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात आणि लिंक्डइनवर एक स्लाइड वर्षानुवर्षं फिरते आहे. पॉवर डिस्टन्सच्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातलं सत्तेचं अंतर लोक किती गृहीत धरतात याच्या, निर्देशांकात भारत 77, अमेरिका 40, जर्मनी 35. म्हणजे भारतीय कर्मचारी साहेबापुढे तोंड उघडत नाही, त्याला हुकूम झेलायलाच आवडतं, आणि हे म्हणे शास्त्राने सिद्ध झालंय. आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला अर्थ टिकत नाही. या स्लाइडसोबत येणारे दावे एकेक करून बघू.

‘77 म्हणजे 77 टक्के लोक.’ याच यादीत मलेशियाचे गुण 104 आहेत, तेव्हा ही टक्केवारी असूच शकत नाही. डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळातल्या आयबीएमच्या कर्मचारी-सर्वेक्षणांतून हा निर्देशांक काढला, तोही फक्त तीन प्रश्नांवरून. कर्मचारी साहेबाशी असहमती दाखवायला किती वेळा घाबरतात (1 म्हणजे फार वेळा, 5 म्हणजे फार क्वचित)? आपला साहेब स्वतःच निर्णय घेऊन मोकळा होतो का? आणि आधी विचारून मग ठरवणारा साहेब आवडेल का? सूत्र असं: 135 उणे पहिल्या उत्तराच्या सरासरीची 25 पट, अधिक दुसऱ्याची टक्केवारी, उणे तिसऱ्याची टक्केवारी.

आता समजा, सरासरी 2.6, टक्केवाऱ्या 62 आणि 55. उत्तर 77. सरासरी 3.0 आणि टक्केवाऱ्या 57 आणि 40 घेतल्या तरी उत्तर 77च. पहिल्या ठिकाणी भीती जास्त, पण निम्म्याहून अधिक लोकांना विचारून ठरवणारा साहेब हवा आहे. दुसऱ्या ठिकाणी भीती कमी आणि तशी मागणीही कमी. एकच आकडा, दोन अगदी वेगळी ऑफिसं. स्लाइडवर यातलं काही दिसत नाही.

‘लोकांना तसंच आवडतं.’ 62 समाजांतल्या सुमारे 17 हजार मधल्या फळीच्या व्यवस्थापकांना ग्लोब या संस्कृती आणि नेतृत्वावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाने सत्तेच्या अंतराबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या: आहे किती आणि असावं किती. 1 ते 7 च्या मापावर भारतात ‘आहे’ 5.47 आणि ‘असावं’ 2.64. आवडीचा दावा इथेच निकालात निघतो.

‘लाखभर लोकांचा नमुना आहे.’ एकूण प्रश्नावल्या 1 लाख 16 हजारांच्या घरात, हे खरं. पण देशवार बघा: पाकिस्तानात पहिल्या फेरीत 37 आणि दुसऱ्या फेरीत 70, सिंगापुरात 58. एकाच कंपनीचे लोक घेतल्याने काम आणि हुद्दे जुळतात, हा हॉफस्टेड यांचा युक्तिवाद वजनदार आहे. टीकाकार तो फार सहज उडवून लावतात. मात्र त्यातून मिळते ती देशादेशांतली तुलना, सगळ्या भारताचं चित्र नव्हे. आणि त्या आयबीएमने 1978 मध्ये भारतातून गाशा गुंडाळला होता.

‘म्हणून आपल्या टीममधला अमुक असा वागतो.’ निर्देशांक देशांच्या सरासरीवर बेतलेला आहे, तो एकेका माणसाला लावू नये, हे खुद्द हॉफस्टेड यांनी बजावलंय. कामाशी निगडित मूल्यांवरच्या शेकडो अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं तेव्हा सुमारे 80 टक्के फरक देशांच्या आतच निघाला.

‘मग आपणच मोजून घेऊ.’ इथेच एचआरवाले हमखास फसतात. हॉफस्टेड यांच्या 2013 च्या प्रश्नावलीत 24 मुख्य प्रश्न आहेत. पुण्यात 12 आणि म्युनिकमध्ये 9 जणांकडून ती भरून घ्यायची आणि आलेला आकडा 77 शेजारी मांडायचा. तिच्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक देशातून किमान 20 माणसं हवीत, 50 असतील तर उत्तम. हुद्दा, वय, शिक्षण, स्त्री-पुरुष प्रमाण जुळतं हवं. सूत्राच्या शेवटी एक स्थिरांक असतो, तो संशोधकाने आपल्या सोयीने ठरवायचा. त्यामुळे आपल्या नमुन्याचे गुण जुन्या यादीशी ताडताच येत नाहीत, आपल्याच दोन गटांतला फरक तेवढा वाचायचा.

काही ठिकाणी लोक टोकाच्या पर्यायांवर खुणा करतात, काही ठिकाणी मधल्या. म्हणून उलट अर्थाची विधानं पेरा आणि मत विचारण्याऐवजी घडलेलं विचारा: ‘गेल्या महिन्यात वरिष्ठांचा अंदाज चुकतोय असं बैठकीत किती वेळा सांगितलंत?’ अनेक प्रश्नांची मिळून एक मोजपट्टी केली असेल, तर ती दोन्ही गटांत सारखी चालते का हे सरासऱ्यांची तुलना करण्याआधी तपासा. दोन्ही गटांना एकच सांख्यिकी प्रतिमान (मॉडेल) लावून त्यात आधी प्रश्नांचे भार (प्रत्येक प्रश्न मोजपट्टीशी किती घट्ट जोडलेला आहे ते) दोन्हीकडे सारखे धरायचे, मग आरंभबिंदूही (प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची मूळ पातळी). या शेवटच्या पायरीवर सीएफआय (प्रतिमान मिळालेल्या उत्तरांशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) आधीच्या पायरीपेक्षा 0.01 हून जास्त घसरला, तर सरासऱ्या शेजारी ठेवू नका. आधी कुठला प्रश्न गडबड करतोय ते शोधा.