दाराजवळची बॅग

आज दुपारी आलेल्या पाहुण्यांनी दाराजवळच्या खुंटीवरची बॅग पाहिली आणि विचारलं, "कुठे निघालात का?" मी म्हटलं, नाही, अडीअडचणीची बॅग आहे. पूर आला, आग लागली, तर ही उचलायची आणि बाहेर पडायचं. ते हसले. "उगाच कशाला वाईट चिंतायचं?" घरी आलेलं माणूस, म्हणून मी गप्प बसले. आता राहवत नाही.

वाईट चिंतत नाही हो आम्ही. वाईट भोगून बसलोय.

चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात रात्री दोन वाजता दाराच्या फटीतून पाणी आत आलं. बैठकीतले दिवे गेलेले, मोबाइल नऊ टक्क्यांवर. मी कपाटातली टॉर्च काढली. बटण दाबलं, हलवली, तळहातावर आपटली. काही नाही. झाकण उघडलं तर आत सेल फुटून पांढरा खार साचलेला. त्या अंधारात ती टॉर्च हातात धरून मी नुसती उभी होते.

आणि आई? घोटाभर पाण्यातून, भिंत चाचपत मेन स्विचकडे निघाली होती. स्वयंपाकघरात फ्रिज अजून घुरघुरत होता. म्हणजे घरात करंट होता! जिन्यावरून शेजारचे काका ओरडले, "ताई, हात लावू नका!" त्यांनीच फोन करून बाहेरून सप्लाय बंद करवून घेतला. ते ओरडले नसते तर काय, हे मी आजही पुढे विचार करू शकत नाही.

मेन स्विच पाणी आत येण्याआधी पाडायचा असतो, कोरड्या पायांनी. एकदा पाण्यात उभे राहिलात की त्याला शिवायचं नाही. एवढीशी गोष्ट. पण आमच्या घरी सगळ्याचं उत्तर एकच असायचं, "दादाला माहीत आहे." मेन स्विच कुठला? दादाला माहीत आहे. गॅसचा रेग्युलेटर कसा काढायचा? दादाला. त्या रात्री दादा बाहेरगावी आणि त्याचा फोन लागेना. सगळी तयारी एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूसच घरात नाही!

बाबांच्या गोळ्या भिजल्या. डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम? बाबा म्हणाले, "ती छोटी पांढरी." पट्टीवरचं नाव कापलेल्या भागाबरोबर कधीच गेलेलं. कागदपत्रं सगळ्यात खालच्या खणात होती, म्हणजे सगळ्यात आधी भिजली.

मान्य, प्रत्येकाकडे सामान साठवायला जागा नसते, पैसेही नसतात. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी लहान घरात ठेवणं सोपं नाही, हेही मान्य. पण गोळ्यांची नावं कागदावर लिहायला काय लागतं? सेल टॉर्चच्या बाहेर काढून तिच्याच शेजारी ठेवायला? गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, फोन बाहेर जाऊन करायचा, हे मुलांना सांगायला कसला खर्च येतो?

मुलं घाबरतात म्हणे. माझी लेक नऊ वर्षांची आहे. पेटत्या तेलावर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं, हे तिला पाठ आहे. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरायचं, बर्फ लावायचा नाही. हेही. ती घाबरलेली नाही. घाबरले होते ते आम्ही मोठे, त्या रात्री.

असो. रागाच्या भरात बरंच लिहिलं. पाहुणेही मनाने वाईट नाहीत, त्यांच्या घरात पाणी शिरलेलं नाही, इतकंच. कधी शिरूही नये.

ते गेल्यावर लेकीने हट्टाने घरातले सगळे दिवे बंद केले आणि आजीला म्हणाली, "आता शोध." आई भिंतीला हात लावत निघाली. सात पावलं, मग डावीकडे, मग कपाटाची कड. "हा बघ," म्हणाली, आणि बोट मेन स्विचवर ठेवून तशीच उभी राहिली. पाय कोरडे होते तिचे. मी अंधारातच डोळे पुसले.

ती जुनी टॉर्च मी टाकलेली नाही. खारासकट ठेवली आहे, त्याच बॅगेच्या वर, नव्या टॉर्चशेजारी.