"लिनक्स घरच्या कॉम्प्युटरसाठी नाहीच" या फॉरवर्डला उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून एक मेसेज वेगवेगळ्या रूपात फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप असा सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: तुमचा जुना कॉम्प्युटर आता भंगार झाला, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, नवीन घ्या. आणि कोणी लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाक म्हणालं तर अजिबात ऐकू नका, ते प्रोग्रामर लोकांचं काम आहे, काळ्या स्क्रीनवर कमांड माराव्या लागतात, मराठी टाइप होत नाही, बँकेच्या साइट चालत नाहीत, प्रिंटर चालत नाही, कोड उघडा असल्यामुळे हॅकरचं फावतं आणि फुकटच्या मालाला जबाबदार कोणी नसतं.

हे वाचून लोक चांगली चालती मशीन कवडीमोलाने विकून टाकतायत आणि हप्त्यावर नवीन लॅपटॉप घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी भंगारचं बघू. विंडोज ११ चढत नाही हे बहुतेक जुन्या मशीनबाबत खरंय, पण ते का चढत नाही ते मेसेजमध्ये कुठेच नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ चा आय-५, ८ जीबी रॅमवाला, जो आज यूट्यूब, ईमेल, मुलांचे प्रोजेक्ट सगळं आरामात करतो, तो फक्त यादीत बसत नाही म्हणून बाहेर. मशीनची ताकद संपलेली नाही. आणि विंडोजवरच राहायचं असेल तरी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय ठेवलीय, त्यासाठी नोंदणी करावी लागते, म्हणजे घाईघाईने दुकानात पळायचं तसंही कारण नाही. लिनक्स मिंट म्हणजे घरगुती वापरासाठी बनवलेलं लिनक्सचं एक रूप, त्याची अट आहे किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा, आरामात चालायला ४ जीबी रॅम. फक्त मशीन ६४ बिट हवं, अगदी पुरातन ३२ बिट असेल तर नाद सोडा, तिथे आता मोठ्या डिस्ट्रो (लिनक्सची मिंटसारखी तयार रूपं) पण हात देत नाहीत. आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एक छोटी एसएसडी टाकून घ्या, तिने जो फरक पडतो तो कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टिमने पडत नाही, हे मी लिनक्सवाला असूनही सांगतो.

काळी स्क्रीन आणि कमांड. मिंटमध्ये खाली डावीकडे मेनू, त्यात प्रोग्राम, फोल्डरवर डबल क्लिक, अपडेट आलं की कोपऱ्यात खूण येते, ते क्लिक करायचं आणि पासवर्ड द्यायचा. रोजच्या घरगुती वापरात टर्मिनल (कमांड मारायची ती काळी स्क्रीन) उघडायची वेळच येत नाही. नेटवर कमांड दिसतात त्याचं कारण एवढंच की उत्तर देणाऱ्याला दहा चित्रं काढून दाखवण्यापेक्षा एक ओळ देणं सोपं पडतं. विषय संपला.

मराठी टायपिंगवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे कारण या मुद्द्यावर सगळ्यात जास्त लोक घाबरतात आणि हाच मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे. लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट जोडायच्या यादीत मराठी शोधा, इनस्क्रिप्ट पण आहे आणि आवाजाप्रमाणे टाइप करायचा कगप पण आहे, काही डाउनलोड नाही, काही विकत नाही. इनस्क्रिप्ट म्हणजे तोच सरकारी प्रमाणित कीबोर्ड, के दाबलं की क, एल दाबलं की त, डी दाबलं की हलन्त, अगदी विंडोजवर होतं तसंच. ज्यांना रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवायची सवय आहे त्यांनी आयबस (टायपिंगच्या पद्धती बदलून देणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकायचं, त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन या टायपिंगच्या पद्धती आणि चक्क गमभन ही रोमनमधून मराठी लिहायची पद्धत सुद्धा आहे. मराठी संकेतस्थळांवर पहिल्यापासून लिहिणाऱ्यांना गमभन म्हणजे काय ते सांगायला नको, त्यांच्या बोटांना ती सवय आजही आहे. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर यातला ऱ्य नीट उमटतो, ॲप आणि बॅटमधला चंद्र जागच्या जागी बसतो, जोडाक्षरं फुटत नाहीत. फॉन्टसाठी नोटो आणि लोहित आहेत, 'मुक्त' नावाच्या फॉन्टसारखे आपल्याकडचे सुंदर फॉन्ट फुकट उतरवून घेता येतात.

मग लोक "मराठी दिसत नाही" का म्हणतात? कारण त्यांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच साठवायची प्रमाणित पद्धत) नाहीतच. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं सोसायटीचं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, पण तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवर पण तस्साच दिसतो! दोष साठवायच्या पद्धतीचा आहे. तुमच्याकडे त्या फॉन्टची फाइल असेल तर ती लिनक्समध्ये टाका, पत्र बहुतेक वेळा वाचता येतं, आणि खरं सांगायचं तर ती पत्रं एकदाची कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करून घ्या, कुठल्याही सिस्टिमवर राहिलात तरी हे करायलाच हवं, नाहीतर दहा वर्षांनी ती कोणालाच वाचता येणार नाहीत.

बँक आणि सरकारी साइट ब्राउझरमध्ये चालतात, आणि फायरफॉक्स, क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत. नेटबँकिंग, रेल्वेचं तिकीट, डिजिटल सातबारा, आधार ओटीपीने इन्कम टॅक्स रिटर्न व्हेरिफाय करणं, सगळं होतं. पूर्वी काही साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालायच्या हे खरं, पण ते मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ ला बंद केलं. अडचण येते ती डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनची, तिथे ड्रायव्हर आणि साइनिंगचं सॉफ्टवेअर यांची खटपट असते, तेव्हा घरी बसून जीएसटीचं काम टोकन लावून करणाऱ्याने विंडोज ठेवावं.

प्रिंटरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की ओळखले जातात कारण एचपीनेच लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाय आणि तो डिस्ट्रोमध्ये आधीच असतो, नेटवर्कवर चालणारे नवे प्रिंटर तर ड्रायव्हर न टाकताच चालतात. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात आणि घराघरात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. मशीन दणकट, टोनर स्वस्त, पण तो कॅननची स्वतःची कॅप्ट नावाची भाषा बोलतो आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि त्रासदायक आहे, लोकांचे तासन् तास जातात. हा प्रिंटर घरात असेल आणि रोज लागत असेल तर हे आधी जमतंय का बघा, मगच पुढचं. पण एका मॉडेलवरून "लिनक्सवर प्रिंटर चालत नाही" म्हणणं हे बरोबर नाही.

आता हॅकरचा मुद्दा, जो वरवर सगळ्यात पटतो. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो, हो, दिसतो. पण मार्च २०२४ मध्ये काय झालं ते बघा. एक्सझेड नावाचं फायली कॉम्प्रेस करायचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्यात जिया टान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं चांगली कामं करून विश्वास कमावला, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनियर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, त्याला दिसलं की दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो त्यामागे लागला, खोदत खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं जगासमोर मांडलं. चोरदरवाजा मुख्यतः चाचणीच्या आणि अगदी नव्या व्हर्जनपर्यंतच पोचला होता, घरगुती वापराच्या मिंटमध्ये आणि उबुंटू या दुसऱ्या लोकप्रिय डिस्ट्रोच्या एलटीएसमध्ये (बरीच वर्षं अपडेट मिळणारं स्थिर व्हर्जन) आलाच नाही. मेसेजवाले ही घटना पुरावा म्हणून देतील की बघा, घुसलाच ना. घुसला, नाकारत नाही, आणि त्या सॉफ्टवेअरचा भार जवळजवळ एकट्या माणसावर होता ही गंभीर गोष्टच आहे. पण बाहेरच्या एका माणसाला शंका आली आणि त्याला कोणाची परवानगी न मागता आत बघता आलं, हे कोड उघडा होता म्हणूनच झालं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने तक्रार नोंदवून वाट बघितली असती.

आणि सुरक्षिततेचं बोलायचंच तर आपल्या घरातल्या विंडोजचं पण बोलू. कितीतरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये दुकानदाराने पाचशे रुपये घेऊन फॉरमॅट मारून टाकलेली पायरेटेड कॉपी असते, ॲक्टिव्हेटरने चालू केलेली, आणि तो ॲक्टिव्हेटर चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. अनोळखी माणसाचा प्रोग्राम, अँटीव्हायरस बंद करून, पूर्ण अधिकार देऊन. त्याच मशीनवर आपण नेटबँकिंग करतो. मला विचाराल तर खरी भीती इथे आहे.

फुकट म्हणून जबाबदार कोणी नाही, यात पण गल्लत आहे. फुकट आपल्याला मिळतं, बनवणारे सगळे फुकट काम करत नाहीत, लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बरेचसे लोक इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांत पगारावर आहेत कारण त्यांचा धंदाच त्यावर चालतो. डेबियन ही जुनी डिस्ट्रो १९९३ पासून चालू आहे, उबुंटू २००४ पासून, मिंट २००६ पासून. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं मुलं उबुंटूवर बेतलेली सिस्टिम वापरतायत, काइट ही तिथली सरकारी संस्था ती बनवते, त्यात मल्याळम आहे, आणि ती मुलं काही प्रोग्रामर नाहीत. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीतून घराघरात कॉम्प्युटर पोचला, मोठं काम झालं, पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरणही त्याच काळात डोक्यात घट्ट बसलं.

कोणी येऊ नये तेही सांगतो. टॅली लागते, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीवर लग्नपत्रिका नि फ्लेक्सची कामं करता, फोटोशॉपवर पोट आहे, मुलगा व्हॅलोरंट खेळतो, किंवा मुलगी सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करतेय आणि परीक्षा विंडोजवर आहे, तर विंडोज ठेवा, उगाच हट्ट नको. लिब्रे ऑफिसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिनक्सवर वापरायचं फुकट सॉफ्टवेअर) वर्डच्या फायली उघडतात पण किचकट टेबलवाला फॉर्म कधीकधी हलतो, तो पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

बाकीच्यांनी मेसेजवर पण विश्वास ठेवू नका आणि माझ्यावर पण नको. मिंटची फाइल त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या आणि तिथे दिलेल्या चेकसमशी (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा अंक-अक्षरांचा कोड) जुळवून बघा, कारण फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांचीच साइट हॅक करून भेसळ केलेल्या फाइलची लिंक टाकली होती. पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, काही इन्स्टॉल न करता सगळं चालतं, हार्डडिस्कला हात लागत नाही, फक्त जरा हळू चालेल. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा, मराठी कीबोर्ड आणि बँकेची साइट एवढं बघून घ्या. जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा, विंडोज होतं तसं आहे. जमलं आणि शेजारी शेजारी दोन्ही ठेवायचं ठरवलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि बिटलॉकर (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ती नसेल तर तोपर्यंत इन्स्टॉलच्या बटणाला हात लावू नका.