‘ती शहरे सोडून द्या’ म्हणण्याआधी न्यू ऑर्लिन्सकडे नीट पाहावे

ऑगस्ट-सप्टेंबरात मेक्सिकोच्या आखातात मोठे चक्रीवादळ उठले की एक मजकूर दर वर्षी नव्याने फिरू लागतो. वादळे जिथे पुन्हा पुन्हा येतात अशा किनारी शहरांत राहणे हा अविचार आहे, तिथल्या लोकांनी उठून आतल्या भागात जावे, आणि जे जात नाहीत त्यांच्यावर सरकारने करदात्यांचा पैसा घालू नये, असा त्याचा आशय असतो. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळीही तो घरच्या गटांवर पाठवतात आणि उदाहरण बहुधा लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचे देतात. हे मत नवे नाही. २००५ साली कॅटरिना वादळाने ते शहर बुडवले, तेव्हा पाणी अजून ओसरलेही नव्हते आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी समुद्रसपाटीखालचे शहर पुन्हा उभारणे आपल्याला पटत नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. या मजकुरातला एकेक दावा तपासला, तर त्यातले थोडे खरे आहे आणि बरेच चुकीचे आहे असे दिसते. त्या चुकीचा भार ज्यांच्यावर पडतो ते लोक आधीच सर्वस्व गमावलेले असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा असा, की खड्ड्यात शहर वसवणारेच मुळात मूर्ख होते. १७१८ साली बिएनव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने न्यू ऑर्लिन्स वसवले ते खड्ड्यात वसवलेले नाही. मिसिसिपी नदी दर पुराबरोबर काठावर गाळ टाकत आली, त्यामुळे तिचा काठ मागच्या दलदलीपेक्षा काही फूट उंच झाला. आज ज्याला फ्रेंच क्वार्टर म्हणतात तो जुना भाग याच उंचवट्यावर आहे, आणि २००५ मध्ये शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तेव्हाही तो बहुतांशी कोरडा राहिला. शहर सुमारे दोन शतके अशा उंचवट्यांना धरूनच वाढले. मागच्या बाजूची, पॉन्चरट्रेन सरोवराकडची दलदल वस्तीयोग्य ठरली ती विसाव्या शतकात, बाल्डविन वुड या अभियंत्याने १९१३ च्या सुमारास तयार केलेल्या प्रचंड पंपांमुळे. पंपांनी पाणी उपसले, पाण्याबरोबर जमिनीचा फुगवटा गेला, कुजक्या पानापाल्याची ती माती आकसली आणि वर्षानुवर्षे खचत राहिली. आज शहराचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीखाली आहे, तो असा मागाहून खाली गेलेला आहे. उरलेला निम्मा आजही समुद्रसपाटीला किंवा तिच्या वर आहे. लेकव्ह्यू किंवा जेंटिली या उपनगरांत ज्यांनी घरे घेतली त्यांनी सरकारी परवानगीच्या, पंपांनी कोरड्या केलेल्या आणि बांधांनी राखलेल्या जमिनीवर घरे घेतली होती. त्यांना मूर्ख म्हणायचे तर ज्या यंत्रणेने त्यांना शब्द दिला होता तिचा उल्लेख आधी करायला हवा.

दुसरा दावा सर्वांत अधिक पसरलेला आहे आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. कॅटरिनाने सिद्ध केले की निसर्गापुढे माणसाचे काही चालत नाही, असा तो दावा. कॅटरिना २९ ऑगस्ट २००५ रोजी लुईझियानाच्या किनाऱ्यावर आली तेव्हा ती वादळांच्या पाच चढत्या श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीची होती, आणि तिचा सर्वांत जोराचा तडाखा शहराच्या पूर्वेला मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याला बसला. शहर बुडाले ते बांध आणि कालव्यांच्या भिंती पन्नासहून अधिक ठिकाणी फुटल्यामुळे. काही बांधांवरून पाणी चढले आणि त्यांची माती वाहून गेली, हे खरे आहे. परंतु सतराव्या रस्त्याचा कालवा आणि लंडन अव्हेन्यूचा कालवा यांच्या भिंती पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच सरकल्या, कारण ज्या मऊ मातीत त्या रोवल्या होत्या तिचा अंदाज आखणीतच चुकला होता. या भिंती अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बांधल्या होत्या, आणि जून २००६ मध्ये त्या दलाच्या प्रमुखांनी आखणीतील चूक जाहीरपणे मान्य केली. ही कबुली फिरणाऱ्या मजकुरात कधीच नसते. ती नसली म्हणजे एका सरकारी बांधकामाच्या अपयशाचे रूपांतर सहजपणे रहिवाशांच्या अविचारात होते, आणि वाचणाऱ्याला ते खटकतही नाही.

त्या अपयशानंतर काय झाले तेही पाहावे. सुमारे १,४५० कोटी डॉलर खर्चून शहराभोवती नवे बांध, दरवाजे आणि पंपगृहे उभारली गेली. समुद्राचे पाणी थेट शहराकडे आणणारा जहाजांचा एक जुना कालवा २००९ मध्ये दगड टाकून बंद केला आणि पूर्वेला बोर्न सरोवराच्या तोंडाशी जवळपास तीन किलोमीटर लांबीची भिंत घातली. बरोबर सोळा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२१ रोजी, आयडा हे चौथ्या श्रेणीचे वादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह शहराच्या नैर्ऋत्येला किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावर येताना ते कॅटरिनापेक्षा जोरदार होते, तरीही नव्या बांधांच्या आतले शहर समुद्राच्या पाण्याने बुडाले नाही. बांधांच्या बाहेर राहिलेले लाप्लास हे गाव मात्र बुडाले. एकच वादळ, एकच सरोवर आणि दोन गावांत मोजक्या मैलांचे अंतर असताना एकात पाणी शिरले आणि दुसऱ्यात शिरले नाही, हा फरक बांधकामाने पडला.

आयडाने शहराला दुसऱ्या बाजूने गाठले, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. शहरात वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या, नदीवरचा एक मनोरा कोसळला, आणि ऑगस्टअखेरच्या दमट उष्म्यात लोक अनेक दिवस विजेविना राहिले. शहरातल्या मृत्यूंमध्ये उष्म्याने गेलेल्यांचा वाटा मोठा होता आणि त्यांत एकटे राहणारे वृद्ध अधिक होते. तेव्हा नुसती भिंत पुरत नाही. वीज हवी, वृद्धांची नोंद हवी, आणि दार वाजवायला जाणारा माणूसही हवा. पण ही सारी कामे शहर राखण्याची आहेत, आणि त्यांतले कोणतेही अशक्य नाही.

तिसरा दावा, इशारा मिळूनही लोक हट्टाने थांबले. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या चारांतल्या एकाहून अधिक कुटुंबांकडे गाडी नव्हती. ‘शहर सोडा’ हा आदेश वादळाच्या आदल्या दिवशी निघाला, महिनाअखेर होती, आणि ज्याच्या हातात ना गाडी होती ना हॉटेलचे पैसे, त्याने जायचे कुठे याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. लुईझियानात मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक ७५ वर्षांवरचे होते. त्यांचे थांबणे हट्टाचे होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. निघून जाणेही निर्धोक नसते. तीनच आठवड्यांनी रीटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी रस्त्यावर आले, गाड्या तासन्‌तास अडकल्या, वृद्धाश्रमातील लोकांना घेऊन निघालेली एक बस पेटून २३ जण गेले, आणि त्या स्थलांतरात एकूण मृत्यू वादळाच्या थेट तडाख्यातील मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक झाले. उलट २००८ मध्ये गुस्ताव्ह वादळाच्या वेळी शहराने गाडी नसलेल्यांसाठी बसगाड्यांची व्यवस्था आधीपासून केली होती, तेव्हा दक्षिण लुईझियानातून सुमारे १९ लाख लोक बाहेर पडले. आपल्याकडे ओडिशाचा अनुभव हेच सांगतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ मध्ये फनी आले तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच आश्रयस्थानांत नेले आणि मृत्यू शंभराच्याही आत राहिले. ओडिशाचा किनारा दरम्यान कुठे हलला नव्हता.

आतल्या भागात जा, तिथे सुरक्षित आहे, हा चौथा दावा तर गेल्या काही वर्षांनी जवळजवळ खोडूनच काढला आहे. आयडाचे अवशेष १ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कवर पोहोचले आणि तिथे तळघरातल्या खोल्यांत भाड्याने राहणारी माणसे घरातच बुडाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले, पण त्याचा सर्वांत भीषण घाला पडला तो आखातापासून शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत. ॲशव्हिल हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि हवामानबदलाच्या काळात आसरा घेण्याजोगी जागा म्हणून त्याचे नाव घेतले जात असे. तिथल्या नद्यांनी पूर्ण वस्त्या नेल्या, राज्यात शंभरावर माणसे गेली, आणि गावाला नळाचे पिण्याजोगे पाणी सात आठवड्यांहून अधिक काळ मिळाले नाही. किनाऱ्यावरच्या लोकांकडे निदान इशाऱ्याची सवय असते, पुराचा विमा असतो, कोणत्या रस्त्याने निघायचे ते ठाऊक असते; डोंगरातल्या बहुतेकांकडे यांतले काहीच नव्हते.

पैशाचा दावा मला इतक्या सहज फेटाळता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. १९६८ पासून चालणारी अमेरिकेची राष्ट्रीय पूरविमा योजना अनेक वर्षे खऱ्या धोक्यापेक्षा कमी हप्ते घेत राहिली, काही घरे पुन्हा पुन्हा बुडून पुन्हा पुन्हा भरपाई घेत राहिली, आणि २०१७ मध्ये अमेरिकी संसदेला त्या योजनेचे १,६०० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. समुद्रालगत सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्याला सार्वजनिक पैशाने वारंवार उभे करावे, असे मीही म्हणणार नाही. २०२१ पासून त्या योजनेत हप्ते घराच्या खऱ्या धोक्यानुसार ठरू लागले, हे योग्य झाले. फक्त ज्याचे उत्पन्न तोकडे आहे त्याला तो हप्ता झेपावा म्हणून वेगळी मदत हवी. परंतु न्यू ऑर्लिन्स हा बंगल्यांचा किनारा नव्हे. अमेरिकेच्या धान्य निर्यातीचा अर्ध्याहून मोठा हिस्सा मिसिसिपीच्या मुखाकडच्या बंदरांतून जातो. आयोवातला मका आणि सोयाबीन जहाजावर चढवणारे हात, त्या जहाजांना नदीतून वाट दाखवणारे मार्गदर्शक, तेलशुद्धीकरण कारखान्यांतले कामगार, त्यांची मुले शिकवणारे शिक्षक, या सर्वांनी कुठेतरी राहायचे असते. शहर सोडून दिले तरी नदीचे मुख तिथेच राहणार आणि त्या मुखाशी कामाला माणसे लागणारच.

शेवटचा दावा म्हणजे स्थलांतर सोपे आहे, फक्त इच्छा हवी. न्यू ऑर्लिन्सच्या नैर्ऋत्येला आइल द जाँ शार्ल नावाचे एक बेट आहे. मूलनिवासींची ती वस्ती आणि १९५५ पासून बेटाची ९८ टक्के जमीन पाण्यात गेली. तिथले लोक जायला तयार होते. त्यांनीच पुढाकार घेतला होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेला नव्या घरांत पहिली कुटुंबे राहायला गेली ती २०२२ मध्ये. चाळीसच्या आत कुटुंबे, तयार मन, हाती पैसा, आणि तरीही सहा वर्षे लागली, शिवाय निर्णय आपल्या हातून राज्य सरकारने काढून घेतले ही त्या समाजाची तक्रार राहिलीच. २०२० च्या जनगणनेनुसार न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ३,८३,९९७ होती.

आणि कोणी जायचे, हे कोण ठरवणार? जानेवारी २००६ मध्ये शहराच्या पुनर्बांधणी आयोगाचा एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. काही वस्त्यांवर हिरवे ठिपके होते, म्हणजे तिथे पुढे उद्याने होऊ शकतील. परगावी आसऱ्याला असलेल्या लोकांनी आपल्या घरावर हिरवा ठिपका आहे हे पेपरातून वाचले. ब्रॉडमूर ही त्यांतलीच एक वस्ती. तिथल्या लोकांनी सभा घेतल्या, घरोघरची यादी केली आणि वस्ती पुन्हा उभी केली. घरदुरुस्तीसाठीची सरकारी मदत मात्र अनेकांना दुरुस्तीच्या खर्चावर न मिळता वादळापूर्वीच्या घराच्या किमतीवर मिळाली. तेवढेच नुकसान, तेवढेच घर, पण कृष्णवर्णीय वस्तीत त्याची बाजारकिंमत कमी, म्हणून मदतही कमी. यावर खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर अनेकांची घरे कायमची गेली होती. मागे हटायचे ठरवले की आधी गरीबच हटवला जातो, ही भीती तिथे अनुभवातून आलेली आहे.

माझे आजोळ श्रीवर्धनचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा शहरातल्या नातेवाइकांनी मामांना हाच प्रश्न विचारला होता, की समुद्राला लागून राहायचेच कशाला. त्यांनी उत्तर दिले नाही. ते पोफळीची रोपे लावत होते, जिला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तो प्रश्न विचारणाऱ्याला सोपा वाटतो, कारण त्याचे काहीच पणाला लागलेले नसते.

याचा अर्थ प्रत्येक जागा कायम राखावी असा मी लावत नाही. टेक्सासमधील इंडियनोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनंतर लोकांनी सोडले आणि ते परत वसले नाही. गॅल्व्हेस्टनने मात्र १९०० च्या वादळात सुमारे आठ हजार माणसे गमावल्यावर समुद्रभिंत बांधली आणि घरे जॅकवर उचलून त्यांखाली वाळू भरत शहराचा मोठा भाग वर घेतला. १९१५ चे मोठे वादळ आले तेव्हा शहरातली जीवितहानी त्याच्या पासंगालाही पोहोचली नाही. बांधांच्या बाहेरच्या विरळ वस्त्या, खचत्या टोकावरची गावे येथे सन्मानाने आणि वेळेवर मागे येणे शहाणपणाचे आहे. मला खरी काळजी न्यू ऑर्लिन्सपुढच्या पाणथळ जमिनीची वाटते. १९३० च्या दशकापासून लुईझियानाने सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली, कारण बांधांत कोंडलेल्या नदीचा गाळ आता तिथे पसरत नाही, आणि तेल-वायूसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले. ही जमीन वादळाच्या पाण्याला शहराच्या आधी अडवते. नदीचा गाळ पुन्हा त्या दलदलीत सोडण्याचा सुमारे ३०० कोटी डॉलरचा बाराटेरियाचा प्रकल्प सुरू झाला होता. शिंपल्यांतल्या कालवांच्या आणि कोळंबीच्या व्यवसायावर त्याचा जो परिणाम होणार होता त्याला मच्छीमारांचा विरोध होता, आणि तो विरोध खोटा नव्हता. त्यांना पुरेशी भरपाई देऊन काम पुढे न्यायला हवे होते. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रकल्पच रद्द केला. ज्यांना त्या शहराच्या भवितव्याची चिंता वाटते त्यांनी रहिवाशांना ‘तुम्ही तिथे का राहता’ असे विचारण्याऐवजी लुईझियाना सरकारला ‘तो गाळ आता तिथे कसा पोहोचवणार’ हे विचारावे.