बँड गाजवायचाय? मग गाणं तेवढं मध्ये आणू नका

नवा बँड काढलाय? मराठीत, आणि स्वतःची गाणी? वा! गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला, कर्वे रस्त्यावर भर पावसात अ‍ॅम्पवर रेनकोट पांघरून टेम्पोची वाट बघताना मला जे ज्ञान झालं, ते तुम्हाला फुकट देतोय. (फुकट या शब्दाची सवय करून घ्या.)

आधी गाण्याची सुरुवात कापून टाका. आमच्या बेसवाल्यानं ४० सेकंदांचा इंट्रो बसवला होता, तीन महिने घासून. तेवढ्या वेळात लोकांचा अंगठा कुठल्या कुठे पोचलेला असतो. थेट ध्रुवपदावर या. कडवी लिहायचीच कशाला?

फोन उभा धरा. बँड आडवा उभा राहतो, त्यामुळे कडेचा कीबोर्डवाला रीलबाहेर जाईल. जाऊ दे, तसंही त्याला कोण ओळखतं!

रियाजाची वेळ कॅप्शनला द्या.

स्वतःचं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकताना मात्र जपून. आम्ही डिस्ट्रिब्युटरकडून (म्हणजे गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) गाणं सगळीकडे पाठवलं, कंटेंट आयडीच्या, म्हणजे आपलं गाणं यूट्यूबवर कुणी वापरलं तर आपोआप पकडणाऱ्या यंत्रणेच्या, चौकटीत हौसेनं खूण केली आणि मग यूट्यूबवर व्हिडिओ चढवला. लगेच नोटीस: या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं सापडलंय. चोरही आम्ही, फिर्यादीही आम्ही. हरकत घेताना कारण विचारलं. मी लिहिलं, ‘चाल माझी आहे हो.’

पैशांचं विचारू नका. स्पॉटिफायवर २०२४पासून एखादं गाणं वर्षभरात १,००० वेळा वाजलं नाही, तर त्याचा एक पैसा निघत नाही. आमचं एक ९८७वर अडकलंय. उरलेले तेरा वेळा एकटी ऐकायला आई तयार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइक म्हणजे माणूस समजा. आम्ही समजलो. शनिवारच्या पोस्टरला १,१४० लाइक होते. ‘भावा, येतोय!’ असं ६१ जणांनी लिहिलं होतं. कॅफेवाल्यानं तारीख देताना एकही गाणं ऐकलं नव्हतं, फॉलोअर किती तेवढं विचारलं. आठ हजार म्हटल्यावर त्यानं मंडपवाल्याकडून जादा चाळीस खुर्च्या मागवल्या. लाल, प्लॅस्टिकच्या. आली १७ माणसं. त्यात आमचेच आईवडील सात. दोघं कोल्ड कॉफी प्यायला आलेले, त्यांनी आवाज कमी करायला सांगितला. उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी पहिल्याच गाण्याला फोन वर धरले, पंधरा सेकंद शूट केलं, आम्हाला टॅग केलं आणि दुसऱ्या गाण्याचा काउंट पडायच्या आत गायब. जाताना एकानं अंगठा दाखवला. खराखुरा, हाताचा. ड्रमर मान खाली घालून वाजवत होता. समोर एवढ्या लाल खुर्च्या बघून करणार काय? तरी गाणी आम्ही सगळी वाजवली, इंट्रोसकट. शेवटी मानधन हातात ठेवताना मालक म्हणाले, ‘आज कमीच आहेत, पण आमच्या पेजवर तुमचा व्हिडिओ टाकतो की!’

रविवारी सकाळी त्या ६१ पैकी एकाचा मेसेज आला. ‘सॉरी भावा, पाऊस होता. पण रील बघितलं, एकच नंबर! घरात सगळे झोपले होते म्हणून म्यूटवर बघितलं.’

म्यूटवर!

अरे बाबा, गाणं आहे ते. म्यूटवर काय बघितलंस, माझा शर्ट? आणि पाऊस आम्हालाही होता. आम्ही अ‍ॅम्प उचलून आणला, तुला नुसतं अंग उचलायचं होतं. तिकीट १९९ रुपये, तर त्यातही ‘गेस्ट लिस्टमध्ये टाक ना’ म्हणणारे तुम्हीच. मराठीत नवीन काही होत नाही म्हणून रात्री दोनला लांबलचक पोस्टी लिहिणारेही तुम्हीच. होतंय ना! शनिवारी, आठ वाजता, तुमच्या घरापासून दोन किलोमीटरवर होत होतं. यायचं नसेल तर नका येऊ, पण ‘येतोय’ लिहू तरी नका. तुमच्या त्या एका शब्दावर लोक खुर्च्या मांडतात.

त्या चाळीस खुर्च्यांचं भाडं आमच्याच मानधनातून कापलं गेलंय.